काळा वाडगा, तांबडा वाडगा

1587 साली क्योतो आणि आसपासच्या शहरांत चव्हाट्यावर फलक लागले. फर्मान तोयोतोमी हिदेयोशीचे होते आणि त्या वेळी जपानात त्याचा शब्द शेवटचा होता. दहाव्या महिन्याच्या पहिल्या तिथीपासून कितानोच्या देवळाजवळ, पाइनच्या बनात चहाचा मोठा मेळा भरेल, असे त्यात म्हटले होते. चहाची आवड असलेल्या कुणीही यावे, मग तो योद्धा असो, व्यापारी असो, शेतकरी असो की घरगडी. येताना पाणी तापवायचे एक भांडे, पाण्याचा एक पोहरा आणि प्यायला एक वाडगा आणावा. चहा परवडत नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ घोळून प्याले तरी चालेल. आपल्याकडे ज्याला सातू म्हणतात, तशातलाच हा प्रकार.

ठरल्या दिवशी पाइनच्या झाडांखाली शेकडो लहान लहान आडोसे उभे राहिले. हिदेयोशीने स्वतः पाहुण्यांना चहा करून दिला. त्याच्यासोबत त्याचे तीन चहागुरूही चहा करत होते आणि त्यांतला सर्वांत मोठा होता सेन नो रिक्यू. मेळा दहा दिवस चालायचा होता, पण पहिल्याच दिवशी आटोपला. दूर दक्षिणेत बंड झाल्याची बातमी आली म्हणून तो थांबवला, असे सांगतात. पण त्या एका दिवसात सत्ताधीश आणि सातू पिणारा एकाच बनात, प्रत्येकी एक वाडगा घेऊन बसले होते.

ही गोष्ट त्या वाडग्याची आहे. जपानी भाषेत त्याला चावान म्हणतात. 'चा' म्हणजे चहा. हा शब्द चीनमधून निघून एका वाटेने जपानला गेला आणि दुसऱ्या वाटेने आपल्या स्वयंपाकघरात आला. कपाला असतो तसा कान चावानला नसतो आणि त्याच्याखाली बशीही येत नाही. तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा असतो.

चहा जपानात रुजला तो बौद्ध भिक्षूंमुळे. एइसाई हा झेन भिक्षू 1191 मध्ये चीनमधून परतला आणि 1211 मध्ये त्याने चहाच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला. पानांची हिरवी पूड वाडग्यात घ्यायची, वर गरम पाणी ओतायचे आणि बांबूच्या बारीक काड्यांच्या रवीने घुसळायचे, ही रीत तेव्हाचीच. पुढची कित्येक वर्षे वाडगेही चीनचेच होते. फुजियान प्रांतातल्या भट्ट्यांमधून निघालेल्या, काळ्या झिलईच्या या वाडग्यांना जपानी लोक तेनमोकू म्हणत. सरदारांच्या दिवाणखान्यात ते लाखेच्या बैठकीवर मांडले जात. वाडगा जितका दुरून आलेला आणि जितका गुळगुळीत, तितका मालक मोठा समजला जाई.

या मोजमापाला पहिला धक्का मुराता जुको (1423–1502) याने दिला. पुढे साकाई बंदरातल्या ताकेनो जोओने त्याचा विचार आणखी नेटाने मांडला. खडबडीत, डागाळलेले, शेतकऱ्याच्या घरात शोभेल असे भांडेही चहाला योग्य आहे, असे ही माणसे सांगू लागली. रिक्यू (1522–1591) याच साकाईचा. घराण्याचा धंदा मासळीच्या वखारीचा. वखारीत वाढलेला हा माणूस आधी ओदा नोबुनागा या सत्ताधीशाचा आणि नंतर हिदेयोशीचा चहागुरू झाला.

तो काळ लढायांचा होता. नोबुनागा लढाई जिंकणाऱ्या सरदाराला जहागिरीऐवजी कधी कधी चहाचे एखादे भांडे इनाम देई आणि सरदार ते मुलूख मिळाल्यासारखे मस्तकी लावत. अशा काळात रिक्यूने चहाची खोली लहान लहान करत नेली. क्योतोजवळच्या यामाझाकी इथली ताइआन ही त्याची खोली 1582 च्या सुमाराची, आजही उभी आहे. आत दोन चटयांपुरतीच जागा, भिंती मातीच्या. दार जेमतेम अडीच फुटांचे. आत जायचे तर वाकून, गुडघ्यांवर सरकत जावे लागते. कमरेची तलवार बाहेर ठेवावी लागते, कारण ती घेऊन त्या दारातून शिरताच येत नाही. आत बसल्यावर दाट चहाचा एकच वाडगा सगळ्यांमध्ये फिरतो. आधीच्याने ओठ लावलेली कड पुसून पुढचा तिथूनच पितो.

हे मी नागपुरातून लिहितो आहे. भांड्याला कुणाचा हात लागला यावरून माणसाची किंमत ठरवणारा समाज आपण पाहिला आहे. पाण्यासाठी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला तो 1927 साली. रिक्यू साकाईत चहा शिकत होता, त्याच शतकात पैठणला एकनाथ (1533–1599) होते. ते अंत्यजाच्या घरी जेवले ही कथा महाराष्ट्र अजून सांगतो, कारण ती गोष्ट सांगण्याजोगी वाटावी इतकी दुर्मीळ होती. म्हणूनच तोंडातोंडांतून फिरणारा तो एक वाडगा मला साधा वाटत नाही.

या खोलीला शोभेल असा वाडगा मात्र बाजारात नव्हता. चीनचा वाडगा त्या मातीच्या भिंतींपुढे उपरा दिसला असता. रिक्यूने तो करवून घेतला चोजिरो नावाच्या कारागिराकडून. चोजिरोचा बाप चीनमधून आलेला, रंगीत झिलईची भांडी करणारा. खुद्द चोजिरोचे सर्वांत जुने काम म्हणजे 1574 सालचा मातीचा एक सिंह. पाय रोवून, शेपूट वर करून उभा. त्याच्या पोटाशी साल कोरलेले आहे आणि कुणाच्या तरी आज्ञेवरून चोजिरोने हा घडवला, असेही कोरलेले आहे. या सिंहावरचे त्याचे नाव लक्षात ठेवायला हवे.

चोजिरोने वाडग्यासाठी चाक वापरले नाही. भाकरी थापावी तसा मातीचा जाड गोल थापायचा आणि दोन्ही तळव्यांनी कडा हळूहळू वर उचलत न्यायच्या. माती सुकून घट्ट झाली की लोखंडी पातीने आतून-बाहेरून खरवडायचे. चाकावरचे भांडे बोटांतून सुटून बाहेर फाकू पाहते. हा वाडगा मात्र तळव्यांच्या आतच वाढतो, म्हणून त्याचा पोकळ भाग ओंजळीच्या मापाचा होतो. तळाशी आत एक उथळ खळगा असतो आणि चहाचा शेवटचा घोट तिथे जमतो. कड एकसारखी नसते. ती कुठे किंचित उंच असते, कुठे खाली उतरते, आणि ओठ आपोआप आपली जागा शोधतात.

मग भट्टी. आपल्या कुंभाराचा आवा एका वेळी शेकडो मडकी पोटात घेतो. काळ्या वाडग्याची भट्टी घराच्या आत बसवण्याइतकी लहान असते. तिच्यात एका वेळी एक वाडगा जातो, कोळसा पेटतो, भाता चालतो. क्योतोच्या कामो नदीतल्या काळ्या दगडाची पूड करून केलेली झिलई वाडग्यावर असते. ती वितळून चकाकू लागली की लालबुंद वाडगा चिमट्याने धरून एकदम बाहेर काढतात. तो सावकाश निवू दिला तर रंग तपकिरी पडतो, झटकन निवला तर गडद काळा होतो. चिमट्याने धरल्याची खूण कायमची राहते आणि ती कुणी पुसत नाही. तांबडा वाडगा लोहयुक्त मातीचा असतो, वर पारदर्शक झिलई. दोन्हींची भिंत जाड आणि सच्छिद्र, त्यामुळे आत उकळता चहा असला तरी हाताला फक्त ऊब लागते.

1586 सालच्या एका चहाच्या रोजनिशीत 'सोएकीच्या घडणीचा वाडगा' असा उल्लेख येतो. सोएकी हे रिक्यूचेच नाव. लोक या भांड्यांना 'आत्ताची भांडी' म्हणत, कारण चीनमधून वारसा घेऊन आलेल्या जुन्या वस्तूंपुढे ती कालपरवाची होती. पुढे त्यांना राकू हे नाव मिळाले. हिदेयोशीने त्याच सुमारास बांधलेल्या जुराकुदाई महालाच्या नावातले ते अक्षर. अर्थ 'सुख', 'निवांतपणा'. ते घराणे अजून क्योतोत त्याच कामात आहे. 2019 मध्ये सोळाव्या पिढीने सूत्रे घेतली. पण चोजिरोच्या हातच्या वाडग्यांवर शिक्का नाही. शिक्का मारायला सुरुवात पुढच्या पिढीने केली. सिंहावर नाव कोरणाऱ्या माणसाने वाडग्यावर काही कोरले नाही. नाव वाडग्यालाच मिळाले: एकाचे 'ओगुरो', म्हणजे मोठा काळा, तर एका तांबड्याचे 'मुइचिबुत्सु', म्हणजे 'एकही वस्तू नाही'.

हिदेयोशीला काळा वाडगा आवडत नसे. हाकाताच्या एका व्यापाऱ्याच्या 1590 सालच्या रोजनिशीत खुद्द रिक्यूच्या तोंडी ही नोंद आहे. हिदेयोशी शेतकऱ्याच्या घरातून वर आलेला होता. त्याने सोन्याने मढवलेली चहाची खोली करून घेतली होती. सुटी करून कुठेही नेता येईल अशी ती खोली 1586 मध्ये त्याने सम्राटासमोर मांडली. रिक्यू त्या सोन्याच्या खोलीतही चहा करत असे. एका बाजूला सोने, दुसऱ्या बाजूला काळी माती, आणि दोन्हीकडे चहा घुसळणारा हात तोच. हे फार काळ टिकणारे नव्हते.

1591 मध्ये हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून मरण्याची आज्ञा दिली. दाइतोकुजी मठाच्या वेशीवर रिक्यूचा लाकडी पुतळा बसवला होता, त्याखालून सत्ताधीशाने जायचे का, हा एक आरोप. चहाची भांडी अवाच्या सवा किमतीला विकली, हा दुसरा. खरे कारण काय, यावर आजही एकमत नाही. सत्तरीला टेकलेल्या रिक्यूने आज्ञा पाळली. त्याच वर्षी हिदेयोशीने दुसरे फर्मान काढले: शिपायाने शेतकरी किंवा व्यापारी व्हायचे नाही, शेतकऱ्याने शेत सोडून धंद्याला लागायचे नाही. शेतकऱ्यांकडची हत्यारे त्याने 1588 मध्येच काढून घेतली होती. कितानोच्या बनात सगळ्यांना बोलावणाऱ्यानेच चार वर्षांत ज्याला त्याला आपापल्या पायरीवर खिळवून टाकले. तो स्वतः कुठून आला होता हे आठवले की ही गोष्ट अधिकच बोचते.

पुढचा अध्याय रक्ताचा आहे. 1592 मध्ये हिदेयोशीची दीड लाखाहून अधिक फौज कोरियात उतरली. 1598 मध्ये तो मेला तेव्हा ही मोहीम थांबली. तोवर कोरियाची गावेच्या गावे उजाड झाली होती. मारलेल्यांची कापून आणलेली नाके क्योतोत पुरली, ते टेकाड अजून आहे. परतणाऱ्या सरदारांनी लुटीबरोबर जिवंत माणसेही आणली आणि त्यांत कुंभार होते. चहाच्या गुरूंना कोरियाचे साधे, ओबडधोबड वाडगे प्रिय झाले होते. तसे वाडगे घडवणारे हात आपल्या मुलखात असावेत, असे प्रत्येक सरदाराला वाटत होते. म्हणून जपानी लोक या मोहिमेला 'भांड्यांची लढाई' असेही म्हणतात.

शिमाझू सरदाराने नामवॉन भागातून आणलेले सुमारे ऐंशी लोक 1598 मध्ये सात्सुमाच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतल्या शिम दांग-गिल या कुंभाराचे वंशज आजही तिथे चिन जुकान या नावाने भांडी करतात. मोरी सरदाराने नेलेल्या यी भावांपासून हागीची परंपरा सुरू झाली. यी साम-प्योंग याला 1616 च्या सुमारास आरिताजवळच्या डोंगरात पांढऱ्या चिनीमातीचा दगड सापडला आणि जपानात पहिल्यांदा खरी चिनीमातीची भांडी होऊ लागली. बेक पा-सन ही बाई नवऱ्यामागे कोरियन कुंभारांचा मोठा तांडा घेऊन आरिताला आली. 1656 मध्ये ती वारली तेव्हा वय शहाण्णव होते.

सात्सुमातल्या सुरुवातीच्या काही वाडग्यांना 'हिबाकारी' म्हणतात. अर्थ 'विस्तव तेवढा'. माती कोरियाची, झिलई कोरियाची, हातही कोरियाचे. जपानचा होता तो फक्त विस्तव. घर सोडताना बरोबर आणलेली माती परक्या भट्टीत भाजताना त्या माणसांच्या मनात काय असेल, हे इतिहासात कुठे लिहिलेले नाही. त्या एका शब्दात ते थोडेसे उरले आहे.

जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलेले चहाचे वाडगे आठ आहेत. पाच चीनचे, दोन जपानचे, एक कोरियाचा. तो कोरियाचा वाडगा म्हणजे 'किझाएमोन'. त्याला हे नाव मिळाले ताकेदा किझाएमोन या ओसाकाच्या व्यापाऱ्यावरून. कधी काळी तो त्याच्या मालकीचा होता. हा वाडगा ज्याच्याकडे जाई त्याच्या अंगावर गळवे येत, अशी समजूत होती. पुढे मात्सुएच्या सरदाराने तो 550 सोन्याच्या नाण्यांना घेतला आणि त्याच्या मागे तो दाइतोकुजीतल्या कोहोआनला दिला गेला. 1931 मध्ये लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु तो पाहायला गेले. एकात एक ठेवलेल्या पेट्या उघडत, कापडांची वेढणी सोडत वाडगा बाहेर आला. आतमध्ये डाग होते. भट्टीत एकावर एक वाडगे रचले की राहतात तसे. याचा अर्थ तो एकटा जपून भाजलेला नव्हता, चळतीतला एक होता. पायाशी झिलई आकसून मासळीच्या खवल्यांसारखी झाली होती. यानागींचे मत असे की हे गरिबाच्या घरातले, रोज भात खायचे भांडे होते. ते करणाऱ्याने सौंदर्याचा विचार केला नाही, म्हणूनच त्यात सौंदर्य आले. या मताशी सगळे सहमत नाहीत. पण यानागी कोरियाबद्दल बोलले ते तिथे जपानी सत्ता दडपशाही करत असताना बोलले आणि 1924 मध्ये त्यांनी सोलमध्ये कोरियन लोककलेचे संग्रहालय उभारले. त्यांना कुंभार दिसत होता.

तरीही किझाएमोन घडवणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही. मालकाचे नाव वाडग्याला मिळाले, सरदाराचे नाव कागदावर राहिले, विकत घेतल्याची किंमतही राहिली. ज्याच्या अंगठ्याने पायाची कड दाबली, तो हरवला.

विदर्भाला जपान परका नाही. 1933 मध्ये जपानी भिक्षू फुजी गुरुजी वर्ध्याला गांधीजींना भेटले. जपानी भिक्षू सुरई ससाई 1960 च्या दशकात नागपुरात आले आणि धम्मकार्यासाठी इथलेच झाले. त्यांचा जन्म ओकायामाचा. त्याच ओकायामात बिझेनच्या भट्ट्या आहेत. झिलईविना, नुसत्या विस्तवाने रंगणारी तिथली भांडी रिक्यूच्या काळच्या चहालाही प्रिय होती. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने 1999 मध्ये उभे राहिले. डॉ. आंबेडकरांच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेने हा धागा पक्का झाला आणि दीक्षाभूमीवर आजही दरवर्षी जपानमधून माणसे येतात.

पण एक धागा त्याहून फार जुना आहे आणि तो मातीचा आहे. काटोल रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे जुनापाणीला दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लोखंडी हत्यारे वापरणाऱ्या, घोडे पाळणाऱ्या लोकांची ही दफने. तसलीच वर्तुळे टाकळघाटला पाहून परतताना नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात ओढ्याला आलेल्या पुरात वाहून गेले. त्याच शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची काही वर्तुळे उकरली. पुढे टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला शां. भा. देव यांनी उत्खनन केले. या सगळ्या ठिकाणी मृताच्या जवळ ठेवलेली भांडी सापडली, त्यांत वाडगे होते. रंग काळा आणि तांबडा.

एकाच वाडग्याला दोन्ही रंग. कुंभाराने तो आव्यात पालथा ठेवला. आत आणि कडेशी हवा पोचली नाही, तिथे तो काळा झाला. बाहेर हवा लागली, तिथे मातीतले लोह तांबडे झाले. चोजिरोने काळा वाडगा चिमट्याने ओढून हवेत आणला, तर इथल्या कुंभाराने हवा अडवून काळा रंग मिळवला. दोघांच्याही रंगामागे लोहच आहे. हे काम अंदाजपंचे होत नाही. किती काटक्या, किती शेण, किती राख आणि कधी झाकायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या हातांत मुरलेले असावे लागते.

आपण कुंभाराला मान दिला नाही असे नाही. तेरच्या गोरोबांना आपण काका म्हणतो. कोणते मडके कच्चे आणि कोणते भाजलेले हे पारखायला संतांनी थापटणे त्यांच्याच हाती दिले, अशी कथा आहे. तरी गोरोबांच्या हातचे एखादे मडके कसे होते, ते कुणी जपले नाही. कोरियाच्या कुंभाराचा वाडगा जपला गेला, त्याचे नाव गेले. आपल्याकडे नाव राहिले, पण मडके गेले. आज चितार ओळीत गणपतीच्या मूर्तींपुढे गर्दी होते, पण पणत्या आणि माठ घेताना आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. हे मला मनापासून लागते.

नागपूरचा अजब बंगला, म्हणजे इथले संग्रहालय, 1863 पासून उभा आहे. तिथे गेलात तर शस्त्रे आणि शिल्पे पाहून झाल्यावर जुन्या खापरांपाशी थांबा. एखाद्या वाडग्याच्या आतली काळी गोलाई पाहा आणि ती आपल्या ओंजळीत कशी बसली असती ते हात जुळवून बघा. हिबाकारीत विस्तव तेवढा जपानचा होता. विदर्भातल्या या वाडग्यात माती इथली, हात इथले आणि विस्तवही इथलाच.